भिंतीवरचे कागद आणि नोंदणी क्रमांक

लोहा तालुक्यातल्या एका गावातून एका मायचा फोन आला. तिचे लेकरू लातूरला नीटची तयारी करत होते. पहिल्या वर्षी थोडक्यात हुकले म्हणून दुसरे वर्ष लावले. खोलीचे भाडे, मेसचा डबा, क्लासची फी, यासाठी तिने आणि नवऱ्याने दोन हंगाम ऊसतोड केली होती. दिवाळीनंतर पोरगा झोपेना. पुस्तक उघडे ठेवून भिंतीकडे बघत बसू लागला, डबा तसाच परत जाऊ लागला. कुणीतरी सांगितले म्हणून तिने त्याला ट्यूशन एरियातल्या एका समुपदेशन केंद्रात नेले. एका बैठकीचे ७०० रुपये, सहा बैठकांचे पैसे आधीच भरायचे. तिसऱ्या बैठकीत तिथल्या सरांनी पोराला विचारले, "तुला तर सवलत आहे, तुमचा कटऑफ कमी लागतो, मग तुला टेन्शन कशाचं?"

पोरगा त्या दिवसापासून तिथेही बोलेनासा झाला. पैसे भरलेले होते म्हणून पुढच्या तीन बैठकांनाही जाऊन बसला.

आम्ही चौकशी केली. त्या गृहस्थांकडे शनिवार-रविवारी चालणाऱ्या एका कोर्सचे प्रमाणपत्र होते, एका संघटनेच्या आजीव सभासदत्वाचे कार्ड होते आणि चार-पाच कार्यशाळांत हजर राहिल्याचे कागद होते. मानसशास्त्राची पदवी नव्हती. हे त्या मायला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "सिस्टर, त्या भिंतीला लई सर्टिफिकेटं व्हते. काचेत लावलेले. मंग तो खोटा कसा?"

तिच्या या प्रश्नासाठी यावेळचे आरोग्याचे पान. आम्ही वर्षानुवर्षे वॉर्डात काम केले, आता वस्त्यांमध्ये करतो. रक्तदाबाची गोळी कोण लिहू शकतो हे आपल्या लोकांना आता ठाऊक आहे. मनाच्या दुखण्याचे मात्र तसे नाही. तिथे कोण डॉक्टर, कोण मानसशास्त्रज्ञ, कोण समुपदेशक आणि कोण नुसता बोलका माणूस, याचा पत्ता शिकलेल्या घरांतही नसतो.

आधी एक फरक समजून घेऊ. ऑटो चालवणाऱ्याकडे दोन कार्डे असतात. एक आरटीओचे लायसन्स, दुसरे ऑटोचालक संघटनेचे कार्ड. संघटनेचे कार्ड चांगलेच आहे, अडीअडचणीला कामाला येते, पण पोलिसाने अडवल्यावर ते दाखवून चालत नाही. मनाच्या आरोग्याच्या क्षेत्रातही असेच आहे. परिषद म्हणजे आरटीओ. ती कायद्याने स्थापन झालेली असते, नोंदणी देते आणि गुन्हा केला तर नोंदणी काढूनही घेते. संघटना म्हणजे त्या व्यवसायातल्या लोकांनी एकत्र येऊन केलेले मंडळ. ती अधिवेशने घेते, नियतकालिक काढते, नवे ज्ञान सभासदांपर्यंत पोचवते, उपचार कसे करावेत याची मार्गदर्शक तत्त्वे लिहिते. हे काम मोलाचे आहे. पण तिचे सभासदत्व हा उपचार करण्याचा परवाना नाही.

मनोविकारतज्ज्ञ म्हणजे एमबीबीएस झाल्यावर मनोविकारशास्त्रात एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर. गोळ्या लिहिण्याचा अधिकार त्याला आहे. त्याची नोंदणी महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे असते आणि तो क्रमांक त्याच्या प्रिस्क्रिप्शनवर छापलेला असतो, तो पाहा. या डॉक्टरांची देशपातळीवरची संघटना म्हणजे इंडियन सायकियाट्रिक सोसायटी, स्थापना १९४७. म्हणजे देशाच्या स्वातंत्र्याइतकी जुनी.

चिकित्सा मानसशास्त्रज्ञ हा वेगळा. तो गोळ्या देत नाही. तो चाचण्या घेतो आणि बोलण्यातून, वागणुकीच्या सरावातून उपचार करतो. त्याची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. लोक तिला आरसीआय म्हणतात. या परिषदेचा कायदा १९९२ चा आहे. तिच्या केंद्रीय नोंदवहीत ज्याचे नाव आहे त्याला एक क्रमांक मिळतो, त्याला सीआरआर नंबर म्हणतात. नोंदणी नसताना हा व्यवसाय करणे गुन्हा आहे. शिक्षा एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. दंडाची रक्कम मात्र कायद्यात १,००० रुपयांपर्यंतच आहे. त्या मायने भरलेल्या फीच्या चौथ्या हिश्शाइतकीही नाही! या मानसशास्त्रज्ञांचीही संघटना आहे, इंडियन असोसिएशन ऑफ क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट्स, १९६८ पासूनची.

खरी गडबड समुपदेशकांच्या बाबतीत आहे. 'समुपदेशक' अशी पाटी लावायला इतकी वर्षे कुणाचीच परवानगी लागत नव्हती. २०२१ साली केंद्राने संलग्न आरोग्य व्यावसायिकांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. त्यात मानसिक आरोग्य समुपदेशकांचा समावेश आहे. नोंदवह्या उघडतील, अभ्यासक्रम ठरतील, असे त्यात म्हटले आहे. अंमलबजावणी अजून रांगते आहे. ती चालायला लागेपर्यंत आपणच विचारायचे: तुमची पदवी कोणती? कोणत्या विद्यापीठाची? किती वर्षांची? कुणाच्या देखरेखीखाली शिकलात? चांगला समुपदेशक या प्रश्नांनी रागावत नाही. एमए मानसशास्त्र किंवा एमएसडब्ल्यू करून, नीट प्रशिक्षण घेऊन काम करणारे प्रामाणिक समुपदेशक नांदेडमध्येही आहेत, लातूरमध्येही आहेत. ते स्वतःहून सांगतात, "हे माझ्या हाताबाहेरचे आहे, डॉक्टरांना दाखवा." आमच्या मते माणूस ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे.

आता पैसे नसताना कुठे जायचे ते सांगतो. महाराष्ट्रातली जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. चारांतले एकही मराठवाड्यात नाही. त्यामुळे आपल्याकडे "येड्याच्या दवाखान्यात टाकलं" याचा अर्थ "लांब नेऊन सोडलं" असाच झाला. पण आज उपचारासाठी तितके लांब जावे लागत नाही. नांदेडला विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्हीकडे केसपेपर काढून मनोविकार विभागाच्या ओपीडीत दाखवता येते. लोह्याकडून येणारी एसटी नांदेड शहरात शिरण्याआधी विष्णुपुरीवरूनच जाते, शहरात जाऊन परत यायची गरज नाही. सरकारी दवाखान्यात गर्दी असते, सकाळी लवकर जा. जुन्या गोळ्यांची रिकामी पाकिटे असतील तर ती बरोबर न्या. घरात रोज बघणारे एक माणूस सोबत असू द्या, कारण झोप किती, खाणे किती, काय बडबडतो, हे तेच सांगू शकते.

शिवाय जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे. देशाचा राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ चा, जिल्हा पातळीवरचा १९९६ पासूनचा. त्याचे पथक ठरलेल्या दिवशी तालुक्याच्या रुग्णालयांत जाते. आपल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात "मानसिक आजाराचे डॉक्टर कोणत्या वारी येतात?" एवढेच विचारून ठेवा. शेतकरी आत्महत्यांमुळे राज्याने मराठवाडा-विदर्भातल्या १४ जिल्ह्यांसाठी प्रेरणा प्रकल्प आणला. त्यात आशाताई घरोघरी जाऊन झोप, भूक, उदासी यांबद्दल विचारतात. प्रकल्पाचे नाव शेतकऱ्यांचे असले तरी शेतमजुराचे घर त्याला वर्ज्य नाही. आशाताईने तुमचे घर ओलांडले तर तिला हाक मारून बसवा. बहुतेक वेळा ती आपल्यातलीच असते.

रात्री-बेरात्री कुणी नसेल तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर. १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू झाला, फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते. पलीकडचा माणूस आधी ऐकून घेतो, गरज वाटली तर वरच्या तज्ज्ञाशी जोडून देतो किंवा जवळच्या दवाखान्यात पाठवतो. नाव सांगितलेच पाहिजे अशी सक्ती नाही. फोन घरातल्या कुणीही करावा, बापानेही करावा. बाप फोन करत नाहीत, हा आमचा अनुभव.

एक गोष्ट ठासून सांगतो. कुणी "जगून काय करू" असे म्हणाले तर ते हसण्यावारी नेऊ नका. सरळ विचारा, "मरायचा विचार येतो का?" असे विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाही, उलट माणूस मोकळा होतो. त्याला एकटे ठेवू नका. फवारणीची औषधे घरात ठेवली असतील तर त्याच दिवशी हलवा, कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. आणि पोलिसांची भीती मनातून काढा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ११५ प्रमाणे असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र ताणाखाली होता असे मानले जाते. त्याची काळजी घेणे आणि त्याच्यावर उपचार करणे ही सरकारची जबाबदारी आहे. केस होईल म्हणून दवाखाना टाळणारी घरे आम्ही पाहिली. त्यांचे काय झाले ते इथे लिहवत नाही.

हा कायदा आपल्या कामाचा आहे. त्याच्या कलम १८ ने प्रत्येकाला मानसिक उपचाराचा हक्क दिला आणि तिथे जी भेदभावाची कारणे मोजली त्यात 'जात' हा शब्द स्पष्ट लिहिला आहे. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला सरकारी ठिकाणी उपचार फुकट. माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क आहे, म्हणजे मुलीच्या सोयरिकीत अडचण येईल म्हणून उपचार टाळायचे कारण नाही. रुग्णाला साखळीने बांधणे बंद, कुठेही. हक्क डावलला गेला तर जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. अनुसूचित जातीच्या माणसाला तिथे उत्पन्न न विचारता फुकट वकील मिळतो. फोन १५१००.

आता त्या सरांच्या वाक्याकडे येऊ. "तुला सवलत आहे, टेन्शन कशाचं?" हे वाक्य त्यांनी दुष्टपणे म्हटले असेल असे आम्हाला वाटत नाही. त्यांना ते खरेच वाटत असावे, आणि तेच जास्त वाईट. वर्गात रँक लागल्यावर "ह्यांचं होतंय कमी मार्कात" हे ऐकणारे पोर, आडनाव विचारून खोली नाकारलेले पोर, आईबापाच्या ऊसतोडीचा हिशोब डोक्यात घेऊन झोपणारे पोर, यांचा ताण कोणत्या पुस्तकात कोणत्या नावाखाली येतो? हैदराबादचा रोहित वेमुला गेला २०१६ साली. मुंबईत डॉ. पायल तडवी गेली २०१९ साली. दोघांच्या मृत्यूनंतर टीव्हीवर 'कमकुवत मन' अशी चर्चा झाली. मन कमकुवत नव्हते, आजूबाजूची माणसे निष्ठुर होती, हे म्हणायला आपलेच लोक रस्त्यावर उतरले. ज्याला हा फरक कळत नाही त्याची पदवी खरी असली तरी आपल्या पोरासाठी तो अर्धाच समुपदेशक. म्हणून दलित-बहुजन तरुणांनी स्वतःच उभे केलेले 'द ब्लू डॉन'सारखे गट महत्त्वाचे वाटतात. जात समजणारा समुपदेशक शोधून देणे आणि आपसात आधार देणे हे काम ते करतात. मोठ्या संघटनांच्या अधिवेशनांत हा विषय परिसंवादाच्या एका तासात उरकला जाऊ नये. प्रशिक्षणातच यावा, अशी आमची मागणी आहे.

लातूर आणि नांदेडसाठी आणखी एक हत्यार हातात आले आहे. विशाखापट्टणमला नीटची तयारी करणाऱ्या एका मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ ला निकाल दिला. तो खासगी क्लासेसनाही लागू आहे. १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तर मुलांच्या मानसिक आरोग्याचे प्रशिक्षण असलेला किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता नेमायचा. मदतीचे नंबर ठळक लावायचे. मार्कांवरून वेगवेगळ्या बॅचा करून मुलांना चारचौघांत कमी लेखायचे नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या आणि इतर वंचित गटांच्या मुलांशी कसे वागावे याचे प्रशिक्षण कर्मचाऱ्यांना द्यायचे. ट्यूशन एरियात शंभरापेक्षा कमी पोरे असलेला नावाजलेला क्लास कोणता? प्रवेश घेताना पालकांनी फीबरोबर हेही विचारावे: तुमचा समुपदेशक कोण, त्याची पदवी काय? दहा पालकांनी विचारले तर अकराव्याला उत्तर तयार मिळेल.

जरा मागचेही बोलू. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. ढिगारे उपसणाऱ्या पथकांच्या मागोमाग मनाचे डॉक्टरही या भागात आले, वाचलेल्यांच्या मनावर काय परिणाम झाला याचा अभ्यास झाला. ते योग्यच झाले. पण त्याच्या १५ वर्षे आधी, जुलै १९७८ मध्ये नामांतराचा ठराव झाल्यावर याच मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या, नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे मारले गेले. त्या रात्री ऊसात, ज्वारीत लपलेल्या बाया आज सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांतल्या एक आजी अजूनही रात्री कुत्री भुंकली की उठून दाराची कडी तपासतात. आम्ही विचारले, "आजी, हे कुणाला सांगितलं का?" त्या म्हणाल्या, "इचारलं कुणी?"

विहारातही हे बोलले पाहिजे. पुत्र, पती, आईबाप एकदम गमावलेली पटाचारा वेडी होऊन फिरत होती, लोक तिला हाकलत होते. तथागतांनी तिला जवळ येऊ दिले, कुणीतरी तिच्या अंगावर वस्त्र टाकले. बोलणे त्यानंतर झाले. म्हणजे मनाच्या आजारी माणसाला विहाराच्या दाराबाहेर ठेवणे ही आपली परंपरा नाही. पण एक सावधगिरी. घरात गंभीर मानसिक आजारी माणूस असला की आपले काही उपासक "दहा दिवसांच्या विपश्यनेला पाठवा, गोळ्या सुटतील" असा सल्ला देतात. असे करू नका. अशा शिबिरांच्या अर्जातच मानसिक आजाराची माहिती विचारलेली असते आणि गंभीर मानसिक आजारात शिबिर करू नये असे ती केंद्रे स्वतःच सांगतात. अर्जात ते लपवून आपल्या माणसाला पाठवणे धोक्याचे आहे. गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत. उदासीच्या गोळ्यांचा गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि त्याच काळात तोंड कोरडे पडणे, मळमळ असा त्रास होतो. म्हणून लोक पहिल्या पंधरवड्यातच पाकीट फेकतात. त्रास झाला तर डॉक्टरांना सांगा, ते गोळी बदलतात. सरळ बंद करू नका.

देवऋषी आणि दर्गा हा प्रकार आपण सोडला असे आपण भाषणात म्हणतो. रात्रीच्या अंधारात कोण कुठे जाते ते आम्हाला माहीत आहे. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते आणि साताऱ्याच्या परिवर्तन संस्थेचे मानसमित्र याच वाटेवर उभे राहून माणसांना डॉक्टरांकडे वळवतात. दारूचेही तेच. बावीस प्रतिज्ञांत दारू नको म्हटले आहे, म्हणून पिणाऱ्याला विहारात तोंड दाखवता येत नाही, आणि तो आणखी पितो. व्यसन हा आजार आहे. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून यावर काम करते. त्याआधी वैद्यकीय महाविद्यालयाच्या मनोविकार ओपीडीत दाखवा. रोज पिणाऱ्याची दारू घरी एकदम तोडली तर झटके येऊ शकतात, जीवही जाऊ शकतो.

आजार दीर्घकाळचा असेल तर दिव्यांग प्रमाणपत्राचा विचार करा. २०१६ च्या कायद्यातल्या २१ प्रकारांत मानसिक आजार आहे. ४० टक्के किंवा जास्त असेल तर योजनांसाठी ते कामी येते. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयात.

शेवटी आपल्या लेकींसाठी. मराठवाड्यातल्या किती बौद्ध घरांतून एक तरी मुलगी नर्सिंगला गेली आहे! २०१७ च्या कायद्यात 'मानसिक आरोग्य परिचारिका' कोण याची व्याख्या आहे. मनोविकार शुश्रूषेचा वेगळा अभ्यासक्रम केलेली तर आहेच, पण सामान्य नर्सिंगचा डिप्लोमा किंवा पदवी घेऊन राज्याच्या परिषदेत नोंदलेलीसुद्धा त्यात बसते. जीएनएमला आपण हा विषय शिकलेलो असतो, परीक्षा झाली की विसरतो. मनोविकार परिचारिकांची राष्ट्रीय संघटनाही आहे, इंडियन सोसायटी ऑफ सायकियाट्रिक नर्सेस. तिचे सभासद व्हा, पुढचा डिप्लोमा करा. मानसशास्त्रात एमए करणाऱ्या आपल्या मुलामुलींनी पुढचा अभ्यासक्रम आरसीआयने मान्य केलेल्या संस्थेतूनच करावा. जाहिरात बघून फी भरू नये. जागा कमी आहेत, फी जास्त आहे. शिष्यवृत्तीसाठी समाजकल्याण कार्यालयाकडे पाठपुरावा करायला आम्ही सोबत येतो.

त्या लेकराला विष्णुपुरीच्या ओपीडीत दाखवले. डॉक्टरांनी अर्धा तास ऐकून घेतले, गोळ्या सुरू केल्या. झोप आता लागते. नीट पुन्हा द्यायची की नाही हे अजून ठरलेले नाही, आणि घरात कुणी विचारायचे नाही असे आम्ही सांगितले आहे. पुढची तारीख येत्या गुरुवारची. या खेपेला बाप सोबत येणार आहे. त्याने आमच्याकडून डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक कसा बघायचा ते शिकून घेतले आणि प्रिस्क्रिप्शनवर बोट ठेवून तो आम्हाला वाचून दाखवला.